सीमा ओलांडली की लग्न मोडते?



दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न, हा विषय विहारात कशाला, असे काहींना वाटेल. पण लग्न कोणाशी करावे यावरून होणारा जाच आपल्याला परका नाही. म्हणून आम्ही आज अमेरिकेतली हकिकत सांगणार आहोत.

तिथे लग्नाचा कायदा मुख्यतः ज्या-त्या राज्याचा. १९५८ साली रिचर्ड लव्हिंग हा गोरा तरुण आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय तरुणी, दोघांनी राजधानी वॉशिंग्टनला लग्न केले. व्हर्जिनियात घरी परतले, तर पोलिसांनी मध्यरात्री झोपेतून उठवून पकडले. राजधानीत नवराबायको, गावात गुन्हेगार! १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने असे कायदे मोडीत काढले, तेव्हाही ते १६ राज्यांत चालू होते.

पुढे २०१३ साली पुन्हा तेच. ओहायो राज्यातले जिम ओबर्गेफेल आणि जॉन आर्थर यांचा वीस वर्षांचा संसार. जॉन असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेला. ओहायो त्यांचे लग्न लावीना. तेव्हा जुलैमध्ये रुग्णविमानाने ते मेरीलँडला गेले, विमानतळावर विमानातच लग्न केले आणि परत फिरले. परतल्यावर ओहायो ते लग्न मानायला तयार नाही. जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून जिमचे नाव लागणार नव्हते. ऑक्टोबरात जॉन गेला. जिम मात्र त्या एका ओळीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. (दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्यांना ही धडपड वेगळी समजावून सांगायला नको.) २६ जून २०१५ ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: हा हक्क साऱ्या देशात.

मग राज्यांवर सोपवणे वाईटच का? तसेही नाही. १९९६ साली केंद्रानेच कायदा करून अशा लग्नांना आपले दार बंद केले होते. २००४ साली ते पहिल्यांदा उघडले मॅसॅच्युसेट्स या राज्याने. २०१२ मध्ये मेन, मेरीलँड, वॉशिंग्टन या राज्यांतल्या लोकांनी मतदानाने होकार दिला. लोक हळूहळू ठरवतील, कोर्टाने घाई करू नये, असे विरोधी न्यायमूर्तींचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. जॉनकडे थांबायला वेळ कुठे होता?

डिसेंबर २०२२ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला. २०१५ चा निकाल उद्या फिरलाच, तर राज्ये अशी लग्ने लावणे बंद करू शकतील, पण दुसऱ्या राज्यात लागलेले लग्न त्यांना मानावेच लागेल. म्हणजे पुन्हा विमानाचे तिकीट आले!

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत नेमके हेच दुखणे सांगितले होते. संघराज्यात राज्याराज्यांचे कायदे वेगळे होतात. म्हणून विवाह, घटस्फोट, वारसा यांत एकसारखेपणा राखता यावा अशी सोय मसुद्यात केली. विवाह हा विषय आज समवर्ती सूचीत आहे.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बसवणे आमचे काम नाही, ते कायदेमंडळाने पाहावे, असे म्हटले. संसदेने अजून पाहिलेले नाही. आपल्याकडचे असे जोडपे विमानाने निघाले तरी उतरणार कुठे? भारतात एकही मेरीलँड नाही.