पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रंपेट

जाझची गोडी हिंदी चित्रपटगीतांतून घराघरांत पोचवणाऱ्यांमध्ये सी. रामचंद्र यांचं नाव अगदी आधी घ्यावं लागतं. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, पुणतांब्याचा. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी असलेलं हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतं. त्यांचं गाण्याचं शिक्षण झालं विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे, म्हणजे ख्यालगायकीच्या शिस्तीत. ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन त्यांच्या चालींमध्ये पुढे मुंबईत आले, आणि ते आणण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या या मुलांना हॉटेलांमधल्या वाद्यवृंदांत काम मिळे. त्यांतलाच एक हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ. त्याचा जन्म १९१६ चा. रसिक त्याला ओळखत ते चिक चॉकलेट या नावानं. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श होता आणि भारतातला आर्मस्ट्राँग म्हणूनच त्याचा लौकिक झाला. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत असे.

अशा लहान जाझ-संचात ट्रंपेट पुढारी असतो. मूळ धून तो मांडतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती नक्षी काढतं, सॅक्सोफोन भरणा करतो. पियानो, बास आणि ड्रम लय धरून ठेवतात. मग एकेक वादक त्याच स्वरसंगतींवर उत्स्फूर्त वाजवतो आणि शेवटी सगळे मिळून धुनेवर परततात. आपल्याकडे ख्यालात गायक बंदिशीचा मुखडा पकडून समेवर येतो, त्याची इथे आठवण होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं मिळत. त्यामुळे हॉटेलात लांबणारी वादनं ध्वनिमुद्रणात आटोपशीर करावी लागत.

चित्रपटगीताची मुदतही जवळपास तेवढीच. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी आणि गोव्याचे संयोजक ती स्वरलिपीत उतरवून वाद्यांत वाटून देत. चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. मुंबईत १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आली, हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचं उत्पन्न घटलं आणि अनेक वादकांना चित्रपटांच्या स्टुडिओंचाच आधार उरला.

‘समाधी’ या १९५० च्या चित्रपटातलं ‘गोरे गोरे’ हे गीत एका अमेरिकी चित्रगीताच्या चालीवर बेतलेलं होतं, हे मान्य करावंच लागेल. पण पुढच्याच वर्षी भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये उसनेपणा राहिला नाही. ‘शोला जो भडके’मध्ये बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र येतात. त्यांवर लता मंगेशकर आणि स्वतः चितळकर गातात, आणि वाद्यांचा झगमगाट असूनही चाल अस्सल देशी राहते. याच चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. शिवाय याच ‘अलबेला’त ‘धीरे से आजा री’ ही अंगाईसुद्धा आहे. एकाच चित्रपटात ही दोन्ही टोकं सांभाळणं, हीच सी. रामचंद्र यांची खरी थोरवी. त्यांना नुसते पाश्चात्त्य चालींचे संगीतकार म्हणणं अन्यायाचं आहे.

१९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ ही त्याच वाटेवरची पुढची मजल. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते वेगवेगळं गायलं आहे.

चिक चॉकलेट १९६७ साली गेले, सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी. ‘अलबेला’ची गाणी आजही सहज ऐकायला मिळतात. श्रोत्यांनी ती पुन्हा लावावीत आणि या वेळी शब्दांइतकंच, दोन कडव्यांमधल्या ट्रंपेटकडेही लक्ष द्यावं.