बालकांचे समाजशास्त्र : बांधावरील पाठ



आठ वर्षांच्या मुलास ‘समाज’ हा शब्द शिकविणे सोपे. समाज दाखविणे कठीण. ग्रामपंचायतीची कर्तव्ये मूल घडाघडा म्हणते. परंतु दारापुढील ओहोळाची निगा कोणी राखावयाची, असे विचारले असता निरुत्तर होते. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी विज्ञान आणि समाजशास्त्र यांची ‘परिसर अभ्यासा’त गुंफण केली, ती शिक्षणाचा आरंभ भोवतालापासून व्हावा म्हणून.

आपल्या गोमंतकात असा पाठ मांडवी-जुवारीच्या काठी उघडाच पडलेला आहे. खाजन शेतांत भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात व बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. भरती चढली की बाहेरील पाण्याच्या दाबाने ते मिटते. ओहोटी लागली की आतील पाणी त्यास लोटून बाहेर पडते. मुलांना तेथे नेऊन एवढेच विचारावे : “हा बांध फुटला तर कोणाचे शेत बुडेल?” ‘सगळ्यांचे’ हे उत्तर मुलाने स्वतः शोधले, म्हणजे पहिला पाठ झाला.

दुसरा प्रश्न ओघानेच येतो : मग बांध कोणी दुरुस्त करावयाचा? येथे गावकरीची गोष्ट सांगावी. १५२६ मध्ये पोर्तुगीज अंमलात तिचे रूढ नियम लेखनिविष्ट झाले. संस्था अर्थातच त्याहून जुनी. सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई आणि उरलेल्या रकमेतून गावकरांना ‘जोण’ मिळे.

परंतु हे चित्र केवळ सोनेरी रंगवू नये. गावकराचा हक्क पुरुषवंशाने चाले. स्त्रियांना आणि चिखल तुडविणाऱ्या अनेक कष्टकऱ्यांना त्या सभेत स्थान नव्हते. लहानांना असे सांगू नये, असे काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. खाऊची वाटणी विषम झाली तर पाच वर्षांचे मूलही तत्काळ ओळखते. न्यायाची जाण त्याला उपजतच असते. १९६४ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण का दिले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढास एकच मत का, हे त्यास याच जाणिवेतून उमगेल.

आज कित्येक बांध खचले आहेत, शेते खारावली आहेत. जे मूल बांध ओळखत नाही, ते मोठेपणी त्याची काळजी वाहील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

आपण भक्तजनांनी इतके तरी करावे. मठातील पंगतीत मुलास नुसते जेवावयास बसवू नये. तांदूळ कोठून आले, ते कोणी शिजविले, पाने कोणी मांडली, उष्टी कोणी काढली, हे त्यास विचारावे. आणि पुढील पंगतीस त्याच्या हाती पाण्याचे तांब्याभांडे द्यावे. परीक्षेचे गुण त्यातून मिळणार नाहीत. परंतु आपल्या घासामागे किती हात आहेत, हे त्याला कळेल. एवढे कळले की पुढील पुस्तके त्याला जड जाणार नाहीत.