पोराचा वाफा, पोराची वही
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या लहानग्यांनो,

कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले. पीकविम्यावर झाले, विजेवर झाले. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो ऐकून काही जण तंबाखू मळत बाहेर जायला उठतील, म्हणून आधीच सांगतो, थोडे थांबा. विषय पोरांच्या खेळाचा आहे. मातीचे बैल, धांड्यांच्या गाड्या, घटातले धान, न्हाणीच्या पाण्यावरचा दोडका. हे सगळे शेतीचेच प्रश्न आहेत आणि त्यात आपले बरेच काही पणाला लागले आहे.

आपल्या घराघरांत एक वाक्य रोज बोलले जाते. पोरगे अभ्यास करीत नाही असे दिसले की बाप म्हणतो, "शिकला नाहीस तर वावरात राबशील." म्हणजे शेती ही शिक्षा झाली. दहा वर्षे हेच ऐकून वाढलेल्या पोराला नोकरी मिळाली तर ते जाते. जाऊ द्या, त्याचे भले होवो. पण नोकरी सगळ्यांना मिळत नाही. उरलेले पोरगे विसाव्या वर्षी वावरात येते ते हरल्यासारखे येते आणि कोरे येते. पाऊस किती झाला हे त्याला मोजता येत नाही. पिशवीतले बी उगवेल की नाही हे त्याला तपासता येत नाही. दुकानदार देईल ती बाटली ते फवारते. अशा कोऱ्या शेतकऱ्याला कोणीही फसवावे.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. उगवण चाचणी, पर्जन्यमापन, मातीचा पोत हे विषय तेथे प्रयोगशाळेत शिकवतात. गावोगाव फिरताना आम्ही पाहतो की यातला मोठा भाग दहा वर्षांच्या पोराला खेळातून आणि सणावारातून शिकवता येतो. खर्च जवळजवळ नाही. लागते ती आईबापाची रोजची पंधरा मिनिटे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पोराला काम शिकवणे वेगळे आणि पोराला कामाला जुंपणे वेगळे. वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून पोराच्या कमरेला ओटी बांधायची, याला आम्ही शिक्षण म्हणत नाही. शाळा आधी. फवारलेल्या वावरात पोराने पाय टाकायचा नाही. रंग लावलेले बियाणे हाताळायचे नाही, त्या रंगात औषध असते. औषधाचे रिकामे डबे खेळायला किंवा पाणी भरायला द्यायचे नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. मोठ्या माणसांची ही गत होते तेथे लेकरांचे काय, हे सांगायला नको.

आता वर्षाच्या क्रमाने पाहू.

रोहिणी नक्षत्र लागले की बियाण्याची गोष्ट सुरू होते. घरची, औषध न लावलेली ज्वारी घ्या. पोराला शंभर दाणे मोजायला सांगा. निवडून नव्हे, जसे हाताला येतील तसे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा ओळींत दहा दहा दाणे मांडा, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडण्याचे काम पोराचे. चौथ्या दिवशी एकदा उघडून मोजायचे, दहाव्या दिवशी शेवटचे मोजायचे. चांगले मूळ आणि चांगला कोंब असलेलाच दाणा धरायचा. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याची उगवण शेकडा ७५ तरी असावी लागते. पोराने ६० मोजले, तर एकरी ४ किलोच्या जागी ५ किलो बी लागेल. हे त्रैराशिक त्याला शाळेत शिकवलेले असते, पण ते कशासाठी असते हे त्याला त्या गोणपाटावर कळते. मूग, उडीद, तूर यांचीही चाचणी अशीच होते. विकतच्या पिशवीतले शंभर दाणे मात्र मोठ्यांनी मोजावेत, पोराने वहीत आकडे लिहावेत. पावती, पिशवीवरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बी जपून ठेवावे. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हाच पुरावा कामाला येतो.

मृग आला की डब्याचा खेळ. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा पत्र्याचा एक डबा घ्या. झाडापासून आणि छपरापासून दूर, मोकळ्यावर, वाऱ्याने पडणार नाही असा विटांमध्ये बसवा. रोज सकाळी साडेआठला शाळेची मोजपट्टी बुडाला टेकवून उभी धरायची. डबा सरळ भिंतीचा असेल तर जितके मिलिमीटर पाणी तितके मिलिमीटर पाऊस. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा वर असतो, तेवढे अंतर त्यात मिळवायचे. आकडा वहीत लिहायचा, डबा उपडा करून पुन्हा ठेवायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी, हे पोराला सांगा आणि त्याचे डोळे पाहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये असे कृषी विद्यापीठे सांगतात. आपण मात्र शेजाऱ्याची तिफन निघाली की आपली काढतो आणि मग दुबार पेरणीला सावकाराच्या दारात उभे राहतो. ज्या घरात पोरगी उठून सांगते, "बाबा, आतापर्यंत ४२ च झाला," त्या घरात थांबायला एक कारण मिळते.

याच दिवसांत निंबोळ्या पडतात. पोरांनी त्या वेचाव्यात, गर धुऊन काढावा आणि बिया सावलीत वाळवाव्यात. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर द्रावण केले की ५ टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार होतो. वेचण्याचे काम पोरांचे, फवारण्याचे मोठ्यांचे.

श्रावणात पोराला त्याचा स्वतःचा वाफा द्या. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, न्हाणीचे पाणी जाते तेथे. भेंडी, गवार, पालक लावा. कुंपणावर दोडका आणि वाल चढवा. एका कोपऱ्यात शेवग्याचे खुंट टोचा. काय लावायचे ते पोराने ठरवायचे. चुकले तर चुकू द्या. आलेली भाजी घरात शिजली तर त्याच्या वहीत बाजारभावाने जमा धरा. जो पिकवतो त्याच्या नावावर पीक लागले पाहिजे, हे आपण सरकारला सांगतो. घरात आधी पाळू या. आणि बहिणींनो, मुलीला वेगळा वाफा द्या. भावाच्या वाफ्याला पाणी घालणे हे तिचे काम नव्हे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायदादुरुस्तीने दिला आहे. त्याची सवय सहा फुटांच्या वाफ्यापासून लागू द्या.

वाफ्यात एक तास ज्वारीसाठी ठेवा. अर्ध्या तासात गावरान ज्वारीच्या घरच्या कणसाचे बी, अर्ध्यात मागच्या वर्षीच्या संकरित ज्वारीच्या कणसाचे बी. कणसे निसवली की पोराला उंची मोजायला लावा. गावरान सारखी दिसेल. संकरितात एक उंच, एक बुटके, एक लवकर, एक उशिरा असे निघेल. संकरित बी दर वर्षी विकत का घ्यावे लागते आणि गावरान बी घरात का राखता येते, हे त्याला भाषण न ऐकता समजेल. मात्र शेळी तेथे जाऊ देऊ नका. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पावसाच्या ताणात सापडलेल्या ज्वारीत विष असते आणि जनावर दगावते. हेही पोराला तेथेच सांगा.

पोळा आला की बैल. आजकाल बाजारातून साच्यातला रंगीत बैल येतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल जरूर न्या, पण एक दिवस आधी पोरांना चिखलात बसवा. तीन बैल करायला सांगा. एक वावरातल्या काळ्या मातीचा, एक नाल्याच्या गाळाचा आणि एक काळ्या मातीत बारीक भुसा व शेण कालवून. तिन्ही सावलीत वाळवा. नुसत्या काळ्या मातीचा बैल तडकेल. या मातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आकसतात. भुसा-शेणाचा बैल टिकेल, कारण भुशाचे धागे माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात वावराला भेगा का पडतात, डवरा फिरवल्याने ओल का टिकते, शेणखताने जमीन का सुधारते, हे सगळे त्या तडकलेल्या बैलाच्या पाठीवर लिहिलेले असते. आपण फक्त बोट ठेवून दाखवायचे.

नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर वावरातली माती आणि तिच्यात धान. घट म्हणजे रब्बीच्या तोंडावर घरात केलेली उगवण चाचणीच समजा. यंदा पोरांना शेजारी दोन वाट्या ठेवू द्या. एकीत खालच्या वावराची माती, दुसरीत वरच्या मुरमाड पट्ट्याची. दाणे मोजून टाकायचे, नवव्या दिवशी कोंब मोजायचे. देवही रागावणार नाही आणि पोराला आपल्या दोन जमिनी ओळखू येतील.

दिवाळीच्या सुमारास घरात कापूस आला की वाती. आजीबरोबर पोरांना बसवा. किराणा दुकानातल्या काट्यावर शंभर ग्रॅम कापूस तोलून आणा. पाटावर ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवली की सरकी पुढे सटकते आणि रुई मागे राहते. दोन्ही पुन्हा तोला. रुई ३३ ते ३६ ग्रॅमच्या आसपास भरेल, बाकी सरकी आणि थोडा कचरा. आता वहीत लिहा. एक क्विंटल कापसात रुई किती, सरकी किती? आज रुईचा भाव काय, सरकीचा काय? जिनिंगचा खर्च वजा जाता कापसाला काय भाव बसतो? सातवीतल्या पोराला हे गणित येते. ते त्याने केले तर बाजार समितीच्या आवारात कोणी त्याच्या बापाला उताऱ्याच्या नावाने गप्प करू शकणार नाही. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे मांडणारी परिषद ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, आपल्याच कापसाच्या मुलखात भरली होती. नई तालीम हे तिचे नाव पुढे देशभर गेले. आपल्या घरात ती वातीच्या रूपाने आजही शिल्लक आहे.

हुरड्याच्या दिवसांत पोरांना कणसे निवडायला न्या. कापणीआधी, वावराच्या मधल्या भागातली, भरदार, कीड नसलेली वीस कणसे. त्यांना चिंधी बांधायची, ती वेगळी कापायची आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायची. तेच पुढच्या रोहिणीतल्या शंभर दाण्यांचे बी. आणि कडबा वाळला की धांड्यांच्या बैलगाड्या. वरची साल सोलून तिच्या काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे चाकांना आणि सांध्यांना. खिळा नाही, डिंक नाही. जू, धुरा, साटा, चाक, प्रत्येक भागाचे नाव घेत गाडी जोडायची. ज्या पोरांनी बैलगाडी जवळून पाहिलेली नाही, त्यांच्या तोंडी ही नावे एवढ्यानेच राहतील.

भावांनो, यातून पोरगे शेतकरीच होईल असे आम्ही म्हणत नाही. ते डॉक्टर होवो, मास्तर होवो, शहरात जावो. पण जाईल तर आपल्या मातीला शिक्षा समजून जाणार नाही, आणि राहील तर कोऱ्या हाताने राहणार नाही. मोजणारा, तपासणारा, लिहून ठेवणारा शेतकरी घडवायला वीस वर्षे लागतात. ती आजच सुरू होतात.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार कामे ठेवतो. पहिले, प्रत्येक गावात निदान पाच घरांनी पावसाचा डबा बसवावा. दुसरे, पेरणीआधी प्रत्येक घरात पोरांच्या हातून शंभर दाण्यांची चाचणी व्हावी. तिसरे, मुलाला एक आणि मुलीला एक, असा वेगळा वाफा द्यावा. चौथे, या सगळ्याची एक वही ठेवावी आणि ती पोराच्याच अक्षरात असावी.

पुढच्या बैठकीला येताना ठराव आणू नका, वह्या आणा आणि त्या लिहिणारी पोरेही आणा. त्या दिवशी पहिले दोन तास तीच बोलतील. कोणत्या गावात किती पाऊस झाला, कोणाचे बी किती उगवले, हे ती वाचून दाखवतील. आपण खाली बसून ऐकायचे आणि आपल्या पेरणीशी ताडून पाहायचे.