पोथी, हरताळ आणि वाचक



भाषेच्या प्राध्यापकाने मेंदूच्या शास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आजचा विषय एका अर्थी वाचनाचाच आहे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची एकच पोथी असते. तरीही एक पेशी त्वचेची होते, दुसरी मेंदूची. जुने लेखक पोथीतील नको असलेल्या मजकुरावर हरताळ लावीत; अक्षरे खाली राहत, वाचली मात्र जात नसत. पेशीतही जनुकांच्या धाग्यावर ‘मेथिल’ नावाच्या रासायनिक खुणा असतात. मूळ अक्षर न बदलता कोणते जनुक बोलेल आणि कोणते मूक राहील, हे ठरविण्यात त्यांचा वाटा असतो. या नियमनाच्या अभ्यासाला आज ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. हा शब्द कॉनरॅड वॅडिंग्टन यांनी १९४२ साली, काहीशा व्यापक अर्थाने, योजला होता.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते? व्हिएन्नाचे डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली काही मुलींचे वर्णन प्रसिद्ध केले. रेट सिंड्रोम झालेली मुलगी पहिले काही महिने इतरांसारखीच वाढताना दिसते. पुढे शिकलेले शब्द हरपतात, हातांनी वस्तू धरणे सुटते आणि हात सतत चोळले जाऊ लागतात. सुमारे दहा हजार मुलींत एकीला हा विकार होतो.

मेथिलच्या खुणा ओळखणारे ‘एमईसीपी-२’ हे प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधले होते. त्याच प्रथिनाच्या जनुकातील दोष हे या विकाराचे प्रमुख कारण असल्याचे अमेरिकेत हुडा झोगबी यांच्या गटाने १९९९ साली दाखविले. म्हणजे पोथी आहे, हरताळही जागच्या जागी आहे. वाचक तेवढा अडखळला आहे. चेतापेशी परिपक्व होतात तशी या प्रथिनाची गरज वाढते. म्हणूनच आरंभीचे महिने निर्वेध वाटतात.

अशा घरांत पहिला बोल आईला लागतो. गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, याची चौकशी होते. वस्तुस्थिती अशी की हा दोष बहुधा नव्यानेच उद्भवतो, आणि तोही बहुतेक वेळा पित्याकडून आलेल्या गुणसूत्रात. त्यात पित्याचाही अपराध नसतो.

२००७ साली बर्ड यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील हे मूक केलेले जनुक पुन्हा जागे केले, तेव्हा लक्षणे बरीचशी ओसरली. चेतापेशी मेलेल्या नव्हत्या. उंदरावरून माणसाबद्दल घाईने आशा बांधू नये. हे प्रथिन अधिक झाले तरी मेंदूला अपाय होतो. २०२३ साली अमेरिकेत पहिले औषध मान्य झाले. ते लक्षणे काहीशी सौम्य करते. विकार बरा करीत नाही.

तोवर शाळेने काय करावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना शाळेचे दार उघडले आहे. यांतील अनेक मुली नजरेने उत्तर देतात. फक्त त्याला वेळ लागतो. प्रश्न विचारून शिक्षकाने थांबावे. बोलता न येणे म्हणजे न समजणे नव्हे, हे भाषेच्या शिक्षकाला तरी सांगावे लागू नये.