मानखुर्दचे शिबिर

भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या राष्ट्रीय परीक्षांतून निवडलेला, एखाद्या आडवळणाच्या जिल्ह्यातील विद्यार्थी जेव्हा मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिरासाठी दाखल होतो, तेव्हा वर्गात सदैव अग्रस्थानी राहण्याची सवय जडलेल्या त्या मुलास, आपल्याहूनही कुशाग्र अशा समवयस्कांचा सहवास बहुधा प्रथमच लाभतो. कोणी मल्याळमभाषी, कोणी बंगाली. पण जेवणानंतर हिरिरीने वाद रंगतो तो एखाद्या लंबकाच्या दोलनकालाविषयी.

खरी कसोटी मात्र प्रयोगशाळेत लागते. ज्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड स्पर्धेसाठी येथे संघ निवडला जातो, तिच्यात सैद्धांतिक भागास ३० व प्रयोगास २० गुण असतात, आणि प्रत्येक भागास पाच तासांची मुदत. आपल्या कित्येक शाळांतून प्रयोग हा केवळ वहीत उतरवून काढण्याचा मजकूर होऊन बसल्यामुळे, उपकरण हाताळून मापनातील त्रुटीचा अंदाज बांधणे या बुद्धिमान मुलांसही नवखे वाटते, याची मला मनापासून खंत वाटते.

शिबिराअखेर पाच जणांचा संघ मुक्रर होतो. भारत १९९८ पासून या स्पर्धेत उतरत आला असून, २०१५ साली ती मुंबईतच भरली होती.