मानसरचं डांबर, वडनेरची पऱ्हाटी

आपल्या हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेला नागपूर ओलांडून मानसरला पोचतो. तिथे २१ डिसेंबर २०२४ रोजी याच महामार्गाच्या जैव-डांबरी तुकड्याचं उद्घाटन झालं. हे डांबर केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि पुण्याच्या प्राज कंपनीनं विकसित केलं. त्यात लिग्निन मिसळतात. लिग्निन म्हणजे झाडाच्या काडीला ताठ ठेवणारा घटक. तेवढं खनिज तेलातलं डांबर वाचतं आणि कर्ब उत्सर्जनही घटतं.

रस्त्यांना असाच दुसरा आधार वीज केंद्रातल्या राखेचा. औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्तेकामात राख वापरणं ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनं बंधनकारक केलं. अट एवढीच की वीज केंद्रानं ती कामावर फुकट पोचवावी. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख वडनेरच्या टप्प्यात येते. भरावात ती वापरली, की तेवढा मुरूम खोदावा लागत नाही. सिमेंटमध्ये मिसळली तर भट्टीतला क्लिंकर कमी लागतो, आणि सिमेंटचा खरा धूर तिथलाच.

जैव-डांबरातलं ते लिग्निन आपल्या पऱ्हाटीतही भरपूर असतं. कापूस वेचून झाला की ती धुऱ्यावर पेटते. ती विकत घेणारं केंद्र हिंगणघाट तालुक्यात सरकारनं उभारावं, असं मला मनापासून वाटतं.