दुसऱ्यांदा परीक्षेला बसताना



व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा अशी होती, की मी नव्या कामगार संहितांवर बोलावे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी जी माणसे येतात, ती हल्ली निराळाच प्रश्न घेऊन येतात. "पोरगी कॅटला बसली होती, कमी पडले. पुन्हा बसवावी का?" बोनसचा प्रश्न विचारताना आवाज चढतो, हा प्रश्न विचारताना आवाज खाली येतो. म्हणून मी हाच विषय मागून घेतला.

मी स्वतः दहावीच्या पुढे शाळेची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी शिकलो ते औद्योगिक न्यायालयाच्या निकालपत्रांवरून, डाव्या हाताला शब्दकोश ठेवून. तेव्हा मी कॅटवर बोलतो हे ऐकून आमचेच काही सहकारी हसले. एकाने तर विचारले, "आपण मॅनेजर तयार करायला निघालो की काय?" त्याला मी जमशेदपूरच्या संस्थेचे नाव सांगितले. जिला आज सगळे एक्सएलआरआय म्हणून ओळखतात, त्या १९४९ साली निघालेल्या संस्थेच्या नावातील मधली दोन अक्षरे 'लेबर रिलेशन्स'ची आहेत. कामगार आणि मालक यांच्या संबंधांचे शिक्षण द्यावे, या हेतूने ती निघाली. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे जो तरुण बसतो, त्याच्या बापाने कधी रात्रपाळी केली असेल, तर आमचे काही बिघडत नाही.

आता ही परीक्षा काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी तिच्याविषयी धाक फार आणि माहिती थोडी. कलकत्त्याची आणि अहमदाबादची व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. आज अशा संस्था वीसहून अधिक आहेत. आपल्या राज्यात नागपूरची २०१५ मध्ये निघाली आणि मुंबईची नीटी ही १९६३ पासूनची संस्था २०२३ मध्ये त्यांत सामील झाली. या सर्वांच्या प्रवेशासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी कॅट होते. रविवारी होते म्हणून नोकरी करणारा मुलगा रजा न घेता बसू शकतो. आणि ही रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली गिरणी कामगारांना मिळवून दिली, हे जाता जाता आठवण म्हणून सांगतो.

परीक्षा दोन तासांची. इंग्रजी वाचन, आकडेवारी व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकी चाळीस मिनिटे. एका भागाची वेळ संपली की दार बंद. मागे जाता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा, आणि जेथे उत्तर स्वतः टंकून लिहायचे असते तेथे चुकीला दंड नाही. परीक्षेचा निकाल एका प्रवेशवर्षापुरताच चालतो. मात्र किती वेळा बसावे याला बंधन नाही. या शेवटच्या वाक्यात आशाही आहे आणि सापळाही आहे.

पर्सेंटाईल या शब्दाने आईबापांचा सर्वांत जास्त घोटाळा होतो. मुलाला नव्वद मिळाले असे ऐकले की पेढे आणले जातात. पण नव्वद म्हणजे शंभरातले नव्वद गुण नव्हेत. ती रांगेतली जागा आहे. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी प्रत्यक्ष बसले. नव्वदावर उभा असलेल्याच्या पुढे सुमारे २९ हजार माणसे आहेत. नव्याण्णवावर असलेल्याच्या पुढे सुमारे २ हजार ९००. कागदावर नऊचे अंतर, रस्त्यावर सव्वीस हजार माणसांचे. दुसरी बाजूही पाहा. अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून कमी गुण मिळवूनही नव्याण्णव पर्सेंटाईल मिळालेले आहे. म्हणजे निम्मे प्रश्न सोडून द्यावयाचे असतात! आपल्या शाळांनी मुलांना प्रश्न सोडावयाला कधी शिकविलेच नाही. पेपर पूर्ण सोडविला तोच हुशार, हे आपण त्यांच्या मनावर पहिलीपासून ठसविले आहे.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीची गोष्ट सांगतो. बी. कॉम. झालेली, एका हिशेबनिसाच्या कचेरीत नोकरीला. पहिल्या खेपेला ८२ आले. बापाचा विचार असा, की पतपेढीतून कर्ज काढावे, तिची नोकरी सोडवावी आणि वर्षभर पुण्याला क्लासला ठेवावे. आई म्हणत होती, वर्ष जाईल, मग स्थळे यायची नाहीत. मुलगी कोपऱ्यात बसून दोघांचे ऐकत होती. मी तिला म्हटले, "बाई, तुझी उत्तरपत्रिका दाखव." ती विद्यार्थ्याला संगणकावर मिळते. आम्ही तिघांनी ती ओळीने वाचली, जशी आम्ही फिसकटलेल्या वाटाघाटीची टिपणे वाचतो.

गणितात तिने २२ पैकी १९ प्रश्न सोडविले होते. आठ बरोबर, अकरा चूक. अकरांतले तीन टंकून लिहावयाचे, त्यांना दंड नाही. म्हणजे चोवीस गुण कमावले आणि आठ घालवले. बाप ते पाहून ताडकन म्हणाला, "हे तर खराब ताग्याचे पैसे कापल्यासारखे झाले!" त्याला जे एका क्षणात कळले, ते समजावयाला क्लासची फी लागली नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरीने हाती शून्य येते; एक पर्याय खात्रीने खोटा ठरविता आला तर थोडाफार फायदा; आणि टंकावयाच्या प्रश्नात काही तरी लिहिणे केव्हाही बरे. हे साधे व्यवहारी गणित आहे. पण परीक्षेच्या खोलीत छाती धडधडत असताना ते सुचावे, यासाठी सराव लागतो.

तिने नोकरी सोडली नाही. माझा आग्रहच होता, आणि तो केवळ पैशासाठी नव्हता. बहुतेक संस्था निवड करताना कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पाहतात आणि पुष्कळ ठिकाणी नोकरीच्या अनुभवालाही वजन देतात. दहावीचे गुण आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाहीत. अनुभव मात्र वाढविता येतो. नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलाचे एकीकडे वर्ष जाते, आणि दुसरीकडे मुलाखतीत "या वर्षात काय केले?" या प्रश्नाला उत्तर राहात नाही. शिवाय घरी बसलेल्याच्या मनावर सगळे घर बसते.

पहाटे पाच ते सात अभ्यास, रविवारी पूर्ण वेळेची सराव-परीक्षा, आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्याच परीक्षेची उलटतपासणी, असा तिचा क्रम होता. ही उलटतपासणीच पुष्कळजण टाळतात. चाळीस सराव-परीक्षा दिल्या असे अभिमानाने सांगणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांतली चूक कोणती, ती घाईची की अज्ञानाची, असे विचारले की गप्प होतात. तिने एक वही केली होती. प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहावयाचा: 'आले नाही', 'वाचले नाही' किंवा 'मोह'. महिन्याभरात तिसरा शब्दच सर्वांत जास्त वेळा आला. तर्काच्या भागात चार-पाच संच असतात. त्यांतले दोन-तीन निवडून बाकीच्यांना हात लावावयाचा नाही, हे ती त्या वहीवरून शिकली.

इंग्रजीचा प्रश्न खरा कठीण. उतारे तत्त्वज्ञानाचे, इतिहासाचे, जीवशास्त्राचे. भाषा केवळ इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला येथे दोन लढाया एकदम लढाव्या लागतात, आणि हा अन्याय आहे असे मी स्पष्ट म्हणतो. पण शब्दांच्या याद्या पाठ करून तो मिटत नाही. रोज एक लांब लेख वाचावा आणि तो काय म्हणतो ते मराठीत चार वाक्यांत बापाला सांगावे. या मुलीचा बाप आठ महिन्यांत मधमाश्यांविषयी आणि मध्ययुगीन व्यापाराविषयी इतके शिकला, की मागावर उभा राहून शेजारच्याला सांगू लागला.

दुसऱ्या खेपेला तिला ९४ आले. जुन्या, नामांकित संस्थांचे बोलावणे आले नाही. तिने राज्याची सीईटीही दिली होती. त्या परीक्षेत २०० प्रश्न, १५० मिनिटे आणि चुकीला गुण कापणे नाही, त्यामुळे तेथे डाव उलटा: तेथे प्रश्न सोडावयाचा नाही. त्या मार्गाने तिला मुंबईत एका अनुदानित संस्थेत जागा मिळाली. फीचे म्हणाल, तर अहमदाबादच्या संस्थेत दोन वर्षांचा खर्च पंचवीस लाखांच्या पुढे जातो. चांगल्या संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली विद्यालक्ष्मी योजनाही आहे. पण कर्ज ते कर्जच. प्रवेश मिळण्यापूर्वी हप्त्याचा हिशेब कागदावर मांडावा.

आणि आता दुसरा मुलगा. तो चार वेळा बसला. ७६, ७९, ७७, ७८. नोकरी नाही, वही नाही, फक्त दरवर्षी नवा क्लास. बाप निवृत्त झाला, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे आटले, तरी "या वेळी नक्की" हे चालूच. त्याला थांब म्हणावयाला घरात कोणी धजेना, कारण थांब म्हणणे म्हणजे तू नालायक आहेस म्हणणे, असा सगळ्यांचा समज. मी म्हटले, "तुझ्या पुढे साठ-सत्तर हजार माणसे चार वर्षे उभी आहेत आणि तू दरवर्षी त्याच पावलाने चालतो आहेस. चाल बदलणार असशील तर बस. नाही तर उठ." तो रागावून निघून गेला. दोन महिन्यांनी आला आणि म्हणाला, की मला बसावयाचे नव्हतेच, पण उठावयाचे कसे ते कळत नव्हते. आता तो एका वाहतूक कंपनीत मालाच्या नोंदी सांभाळतो. आमच्या मागणीपत्रातील महागाईभत्त्याची कोष्टके गेल्या वर्षी त्यानेच तपासून दिली आणि त्यांत एक चूक काढली.

परीक्षा घेणारेही चुकतात, हे मुलांना सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००३ ची कॅट प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सर्वांना पुन्हा बसावे लागले. २००९ साली परीक्षा पहिल्यांदा संगणकावर घेतली, तेव्हा यंत्रे अडली आणि काही विद्यार्थ्यांची परीक्षा जानेवारी २०१० मध्ये पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा पुन्हा बसणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. खुद्द परीक्षेलाही ती पाळी आलेली आहे.

माझी वेळ संपत आली. कोणाच्या घरी हा प्रश्न असेल, तर आज वैशाख आहे. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. कॅटच्या संकेतस्थळावर सरावाची परीक्षा फुकट मिळते. युनियनच्या कचेरीत दोन संगणक आहेत आणि संध्याकाळी सातनंतर ते रिकामेच असतात. मुलाला पाठवा, आणि येताना गेल्या खेपेची उत्तरपत्रिका घेऊन यावयाला सांगा.